वर्षाचे वचन आणि घरातला निर्णय

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत मी दरवर्षीप्रमाणे ताटातून वर्षाचे वचन, म्हणजे नव्या वर्षासाठी बायबलमधली एक ओवी लिहिलेले कार्ड, उचलले. कार्डावर यिर्मया २९ : ११ होते, म्हणजे देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन. त्याच आठवड्यात माझ्या मुलाला आखाती देशातल्या नोकरीचा निरोप आला. आयटीआय करून तो सध्या पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला आहे. एजंट दीड लाख रुपये मागतो. त्यासाठी दोन एकरांपैकी एक एकर गहाण टाकावे लागेल. मी प्रार्थना केली आणि डोळे मिटून बायबल उघडले, तर अब्राहामाला देश सोडून जाण्याची आज्ञा (उत्पत्ती १२ : १) निघाली. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले, तर मिसर देशात जाऊ नका (यिर्मया ४२ : १९) असे निघाले. तिसऱ्यांदा उघडण्याचा धीर झाला नाही. शास्त्रावर विसंबून राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम. तिसऱ्यांदा बायबल उघडले नाही हे बरे केले, कारण ते उघडले असते तर कदाचित वंशावळ निघाली असती आणि तुम्ही तिच्यातही मुलाच्या प्रवासाचा अर्थ शोधत बसला असता. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीवर लावलेली कळी उजवीकडे पडली की होकार आणि डावीकडे पडली की नकार. तुम्ही केले ते त्याहून फारसे वेगळे नाही, फक्त कळीच्या जागी पवित्र शास्त्राचे पान होते. ही सवय आपल्या मंडळ्यांत नवी नाही आणि आपल्या देशातलीही नाही. शुभवर्तमानाची पाने उघडून संसारातल्या गोष्टींचा कौल घेण्याची चाल आपल्याला आवडत नाही, असे संत ऑगस्टिन यांनी एका पत्रात लिहून ठेवले आहे, आणि इसवी सन ५०६मध्ये आग्द येथे भरलेल्या धर्मसभेने अशा प्रकाराला स्पष्ट मनाई केली.

मात्र तुमच्या हाती आलेली वचने टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. ती जिथून आली तिथे नेऊन वाचा. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सराने यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना ते लिहिलेले आहे, आणि लवकर घरी परत जाण्याची आस लागलेल्या त्या लोकांना त्यात सांगितले आहे की तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. कार्डावरच्या ओवीच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षांचा हिशेब आहे. म्हणजे ज्या प्रौढ माणसांनी हे पत्र ऐकले त्यांतील बहुतेकांची हाडे बाबेलच्याच मातीत राहणार होती. हिताचा संकल्प होता तो एका प्रजेसाठी, पिढ्यांच्या अंतरावरचा. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असे ठणकावून सांगतो आणि खोटा ठरतो. आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल, कारण ती कार्डावर मावत नाही : त्याच पत्राच्या आठव्या ओवीत देव शकुन पाहणाऱ्यांपासून सावध राहा असे सांगतो. शकुन म्हणून उचललेल्या वचनाच्या तीन ओव्या आधी हे लिहिले आहे!

दुसऱ्या दिवशी निघालेला उतारा तर तुमच्यासाठी अधिक मोलाचा आहे, पण त्यात मिसराचे नाव आहे म्हणून नव्हे. यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक यिर्मयाकडे येतात आणि देव सांगेल ते बरे असो वा वाईट, आम्ही ऐकू, असे शपथेवर म्हणतात. उत्तर यायला दहा दिवस लागतात. येथेच राहा, असे उत्तर येते, आणि ते लोक यिर्मयाला खोटारडा ठरवून मिसरला निघून जातात, कारण विचारायला आले तेव्हाच त्यांचे जायचे ठरलेले होते. प्रार्थनेला बसताना तुमच्या घरात काय ठरलेले होते, हे मला ठाऊक नाही; ते तुम्ही आणि चिरंजीवांनी एकमेकांना प्रामाणिकपणे सांगावे.

काही वाचक यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून झालेल्या मत्थियाच्या निवडीचा दाखला देतील. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हे खरे; परंतु ती घटना पन्नासाव्या दिवसापूर्वीची, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीची आहे, आणि आत्मा उतरल्यावर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मोठा प्रश्न आला तेव्हा त्याच मंडळींनी साक्षी ऐकल्या, वादविवाद केला, शास्त्र पडताळले आणि मग पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले, असे लिहून कळवले. सुटे वचन पुढे करणारा तर सैतानही होता : मंदिराच्या शिखरावर त्याने स्तोत्र ९१ म्हणून दाखवले, आणि येशूने त्याला जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिले. एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून पाहायचे, ते असे.

पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये पूर्ण झाले. कमी शिकलेल्या बायांनाही ते सलग वाचता यावे म्हणून हा खटाटोप होता, आणि आपण ताटातले कार्ड उचलून थांबतो, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या प्रश्नावर शास्त्र बोलते, पण नोकरीच्या गावाचे नाव घेऊन नव्हे. भोळा प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो आणि शहाणा पाऊल पाहून टाकतो, हे नीतिसूत्रे १४ : १५मध्ये आहे, कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो, हे २२ : ७मध्ये, आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे लूक १४ : २८मध्ये. म्हणून एजंटाची सरकारी नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेण्याची मुभा आहे. दीड लाखाचा हिशेब त्याच्याकडून कागदावर मागा. तुमच्या मंडळीत आखातात राहून आलेले कोणी असेल, तर त्यांना घरी चहाला बोलवा आणि पगार, राहणे, सुट्टी यांविषयी विचारा. दहा दिवस यात गेले तर जाऊ द्या, यिर्मयालाही तेवढे लागले होते. तोवर संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत एकोणतिसावा आणि बेचाळिसावा हे दोन अध्याय मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि सातबारा पेटीतच राहू द्या.