निकालातल्या दोन आकड्यांची बेरीज कर, भावा

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: क्रॉफर्ड-कॅनेलो या बॉक्सिंग लढतीचा निकाल मोबाइलवर बघितलास, तिथं नुसतं 'यूडी 116-112, 115-113, 115-113' एवढंच लिहिलेलं. तालमीतली पोरं म्हणाली, कोण पडलं नाही, पाठ लागली नाही, मग जिंकला कसा? नुराच असणार, आधीच ठरवलेली. शिवाय एकाच वजनात चार चॅम्पियन असतात, त्यातला खरा कोण, तेही तुला कळेना.

पोरांचं म्हणणं मला परकं नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात वडिलांशेजारी बसून मी कुस्ती बघायला शिकलो. पोस्टरवर 'निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान' असं वाचून माणसं यायची. एकदा तासभर झोंबाझोंबी होऊन कुस्ती बरोबरीत सोडवली, तेव्हा अख्खं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं होतं. आपला एकच सवाल असतो, पाठ लागली का? हीच नजर घेऊन मी बॉक्सिंग बघायला लागलो आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं गुणांवरचा निकाल मला अर्धवटच वाटायचा. तो वाचायचा कसा, हे कळल्यावर मात्र गोडी लागली.

किताबी लढत 12 राउंडची. रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच बसतात आणि प्रत्येक जण प्रत्येक राउंडला वेगळे गुण देतो. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. एखादा ठोशानं खाली पडला तर त्याला 9 ऐवजी 8. म्हणजे साध्या राउंडची दोघांची बेरीज 19. बारा राउंडचे 228. हा आकडा लक्षात ठेव.

आता तुझा निकाल घे. 116 अधिक 112, 228. 115 अधिक 113, पुन्हा 228. लढत न बघताच कळलं की तिघांच्याही हिशेबात कोणी पडलं नाही, कुणाचा गुण कापला नाही. 116-112 देणाऱ्या पंचाच्या मते क्रॉफर्डनं आठ राउंड घेतले, कॅनेलोनं चार. बाकी दोघांच्या मते सात-पाच. म्हणजे लढत चुरशीची होती, पण तिघांचं बोट एकाच माणसाकडं. 'यूडी' म्हणजे एकमताचा निर्णय. 'एसडी' असेल तर दोघे एका बाजूला, तिसरा दुसऱ्या बाजूला. 'एमडी' असेल तर दोघांनी एकाला जिंकवलं आणि तिसऱ्यानं बरोबरी दिली. 'टीकेओ 9' म्हणजे नवव्या राउंडमध्ये रेफरीनं लढत थांबवली. ती आपली निकाली.

या बेरजेचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे 18 मे 2024 ला रियाधमध्ये झालेली उसिक-फ्युरी लढत. हेवीवेट म्हणजे सर्वांत जड गट, आणि चारही संस्थांचे किताबाचे पट्टे पणाला. निकाल एसडी: 115-112 आणि 114-113 उसिकला, 114-113 फ्युरीला. बेरीज कर. तिन्ही पंचांच्या गुणांच्या कागदांवर 227. एक गुण कमी, कारण नवव्या राउंडमध्ये फ्युरी दोऱ्यांवर आदळला आणि रेफरीनं मोजणी केली. ती मोजणी झाली नसती तर? फ्युरीला त्या राउंडचे 8 ऐवजी 9 मिळाले असते. मग एक कागद 115-113 उसिकला, एक 115-113 फ्युरीला आणि एक 114-114. लढत बरोबरीत सुटली असती. जगातला सर्वांत मोठा किताब त्या एका मोजणीवर ठरला. मी तो राउंड किती वेळा बघितलाय याची गणती नाही. मोजणी योग्यच होती असं माझं मत आहे, दोऱ्या नसत्या तर फ्युरी जमिनीवरच असता. डिसेंबरमध्ये दोघं पुन्हा भिडले, तेव्हा तिन्ही पंचांनी 116-112 दिले, सगळे उसिकला. बेरीज 228.

चार चॅम्पियनचं कोडं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार वेगवेगळ्या संस्था. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, क्रमवारी वेगळी, आव्हानवीर वेगळा. चारही पट्टे एकाकडं आले तर तो निर्विवाद विजेता. पण ते टिकवणं अवघड असतं. उसिकचंच बघ. फ्युरीशी परतीची लढत ठरलेली, आयबीएफला आपल्या आव्हानवीराशी लढत हवी होती. शेवटी जून 2024 मध्ये उसिकनं तो पट्टा सोडला आणि तो डॅनियल डुबॉइसकडं गेला. लोक म्हणाले, हा कागदावरचा चॅम्पियन. मीही तेच म्हणत होतो. सप्टेंबरमध्ये वेम्बलीत डुबॉइसनं अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं आणि माझं तोंड बंद झालं. जुलै 2025 मध्ये त्याच वेम्बलीत उसिकनं डुबॉइसला पाचव्याच राउंडमध्ये पाडलं आणि चारही पट्टे पुन्हा एकत्र आले. म्हणून खरा कोण हे ठरवताना मी पट्टे मोजत नाही, तो कुणाला हरवून आला आणि कसं हरवून आला ते बघतो.

चार मोठ्या पट्ट्यांखाली प्रादेशिक पट्टेही असतात. जुलै 2016 मध्ये विजेंदर सिंगनं दिल्लीत केरी होपला हरवलं तेव्हा आमच्या ग्रुपवर 'विश्वविजेता' म्हणून अभिनंदनाचा पाऊस पडला. तो डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक पट्टा होता. मोलाचाच, पण जगज्जेतेपद नव्हे. मेरी कोमची सहा जगज्जेतेपदं हौशी बॉक्सिंगमधली, तो रस्ता वेगळा, तिथले राउंडही कमी. दोन्ही एका मापानं मोजू नये.

आता वजन. हे पोरांना नीट समजावून सांग, कारण निकालाचं अर्धं मोल यात आहे. क्रॉफर्डनं 140 पौंडांत, म्हणजे 63.5 किलोत, चारही पट्टे घेतले ते 2017 मध्ये. 2023 मध्ये 66.7 किलोत स्पेन्सला नवव्या राउंडमध्ये थांबवून पुन्हा चारही. आणि कॅनेलोशी तो लढला 76.2 किलोच्या गटात. तेरा किलोंचा प्रवास, भावा. आपल्याकडं 61 किलोचा पैलवान 74 मध्ये उतरून तिथला पहिला नंबर मारेल का, असं विचार पोरांना. (गटांच्या नावावर जाऊ नको. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं तो कुस्तीचा बँटमवेट 57 किलोचा, व्यावसायिक बॉक्सिंगमधला बँटमवेट 53.5 चा.)

वजन चुकलं की काय होतं, ते एप्रिल 2024 च्या गार्सिया-हेनी लढतीत दिसतं. पट्टा हेनीचा, मर्यादा 63.5 किलो. आदल्या दिवशीच्या वजनात गार्सिया जवळजवळ दीड किलो जास्त भरला. म्हणजे जिंकला तरी पट्टा मिळणार नव्हता. लढतीत त्यानं हेनीला तीनदा पाडलं. निकाल एमडी: 112-112, 114-110, 115-109. बेरीज कर, तिन्ही 224. हेनी तीनदा पडला त्याचे तीन गुण गेले, आणि सातव्या राउंडमध्ये रेफरीनं गार्सियाचा एक कापला होता तो चौथा. पुढं गार्सियाच्या चाचणीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं, वर्षभराची बंदी आली आणि निकाल 'नो कॉन्टेस्ट' झाला, लढत झालीच नाही असा. आज हेनीच्या नोंदीत ती हार नाही. पडला तर तो खरंच होता, मार खरा होता. नोंदीत नुसतं 'एनसी' दिसलं की मी आधी त्यामागची हकिकत शोधतो.

राहिला नुराचा आरोप. पंच चुकतात, कधी डोळ्यांवर विश्वास बसू नये इतके चुकतात. मार्च 1999, न्यूयॉर्क, लुईस-होलिफील्ड. लुईस स्पष्ट वरचढ होता, असं मी आजही म्हणेन. पंचांनी दिलं काय? एकानं 116-113 लुईसला, दुसऱ्यानं 115-113 होलिफील्डला, तिसऱ्यानं 115-115. लढत बरोबरीत. बेरीज बघ: 229, 228, 230. 228 च्या वर जाणारा प्रत्येक गुण म्हणजे दोघांना 10-10 दिलेला एक राउंड. तिसऱ्या पंचाला दोन राउंडमध्ये कोण भारी हे ठरवता आलं नाही, आणि ते त्याच्या कागदावर कायमचं उमटलंय. मैदान तिथंही शिट्ट्यांनी दणाणलं. आठ महिन्यांनी, 13 नोव्हेंबरला, दोघं पुन्हा रिंगमध्ये उतरले आणि या वेळी लुईस एकमतानं जिंकला. त्याच्यानंतर हेवीवेटला निर्विवाद विजेता मिळाला तो थेट 2024 मध्ये, उसिक, त्या 227 च्या रात्री.