३१ जानेवारी म्हणजे कोणती? पणजीच्या रस्त्यांबद्दल तुमचे प्रश्न

परत परत तेच प्रश्न येतायत म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकते.

प्रश्न: १८ जून रस्ता म्हणजे गोवा मुक्त झाला तो दिवस ना?

नाही. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, ती ही तारीख.

प्रश्न: फोंतेन्हास ह्या पणजीच्या जुन्या वाड्यातल्या ३१ जानेवारी रस्त्याचं काय? गाइड म्हणाला पोर्तुगाल त्या दिवशी स्पेनपासून सुटला.

हा गाइड मला कुठेतरी भेटायला हवा! स्पेनच्या राजाविरुद्धचा उठाव १ डिसेंबर १६४० चा, त्याचा ह्या पाटीशी काही संबंध नाही. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तुगालच्या पोर्तु शहरात सैनिकांनी राजेशाहीविरुद्ध बंड केलं, आदल्या वर्षी आफ्रिकेतल्या मुलखावरून इंग्रजांनी धमकी दिली आणि सरकार नमलं त्याचा राग होता. नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झालं आणि काही तासांत बंड चिरडलंही. पण ५ ऑक्टोबर १९१० ला खरंच प्रजासत्ताक आलं आणि हरलेले एकदम हिरो झाले, मग पोर्तुगालभर गल्लोगल्ली ही तारीख लागली, तीच आपल्या पणजीतही. आता रीलवाले काहीही ठोकून देतात, होमस्टेवाले तेच कार्डावर छापतात, पाहुणे घरी घेऊन जातात, आणि वर नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर निळ्या टाइल्समध्ये 'रुआ' (पोर्तुगीजमध्ये रस्ता) अमुकतमुक लिहून बिल्डर भाव वाढवतात. टाइल जुनी दिसते म्हणून नाव जुनं होत नाही हो! शंका असेल तर पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन गोवा विभागात विचारा.

प्रश्न: ज्याच्या नावाचा रस्ता आहे तो कुन्हा रिव्हारा गोवेकर होता का?

नाही, पोर्तुगीज अधिकारी. पण १८५८ ला कोकणीची बाजू घेऊन लिहिणारा, त्यामुळे पाटीला माझी हरकत नाही.

प्रश्न: आजोबांच्या खरेदीखतात 'प्रासा आफोंसो द आल्बुकेर्क' लिहिलंय. ही जागा कुठली? एजंट म्हणतो पैसे द्या, कागदावर नाव बदलून आणतो.

आझाद मैदान. एजंटाला एक रुपया देऊ नका, चौकाचं नाव बदललं म्हणून मालकी बदलत नाही. खतात डिस्क्रिप्शन नंबर (पोर्तुगीज काळच्या जमीन नोंदणीतला) आणि मात्रिज नंबर (करनोंदीतला) आहेत का बघा, जागा त्यावरून शोधायची असते. मोबाइलवरून भाषांतर करू नका, पोर्तुगीज येणाऱ्या जाणत्याकडून करून घ्या, जुन्या नकलेसाठी पुराभिलेख खात्यात चौकशी करा आणि सगळं घेऊन वकिलाकडे जा. तुम्ही लिहिलंय की कागद कपाटात वर्षानुवर्षं पडून आहे. कशाची वाट बघताय, वाळवीची?

प्रश्न: आमच्या गल्लीला बाबांचं नाव द्यायचंय, बोर्ड करून लावला तर चालेल का?

नाही. महापालिकेत अर्ज करा. त्याच्या आधी शेजाऱ्यांना विचारा, त्यांचेही बाबा असतील.