पुण्याहून कारने नेपाळ, 9 दिवस, आईवडील सोबत: रोज किती किमी चालवावं आणि वाटेत कुठे थांबावं?

तुम्ही विचारलंय की 9 दिवसांत पोखरा, काठमांडू आणि मुक्तिनाथ बसवायचं तर रोज किती किलोमीटर चालवावं. सरळ सांगतो, बसत नाही. पुणे ते सोनौली बॉर्डर साधारण 1,650-1,700 किमी आहे, जायला तीन आणि यायला तीन दिवस गाडीतच जातात, उरलेल्या तीन दिवसांत आईवडिलांना घेऊन मुक्तिनाथ करायला निघालात तर त्यांना फक्त समोरच्या सीटची पाठ दिसेल. हे मी एवढं ठासून लिहितोय कारण आमच्या घरात हे झालंय आणि त्यावरून दादाचं आणि माझं अजून पटलेलं नाही.

2018 ची दिवाळी. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, दादा, मी, माझी बायको आणि आई. आईच्या देवघरात तिच्या सासूकडून आलेला शाळिग्राम आहे, आणि शाळिग्राम मिळतात नेपाळच्या काली गंडकी नदीत हे तिला लहानपणापासून माहीत. मुक्तिनाथला जायचं नाहीच हे आधीच ठरलेलं, तिला एवढंच हवं होतं की वाटेत गंडकी लागेल तिथे उतरायचं, पाण्यात हात घालायचा आणि गडूभर पाणी तुळशीच्या लग्नासाठी घरी आणायचं. त्यासाठी तिने घरातला झाकणाचा पितळी गडू कापडात बांधून घेतला होता.

पहिला दिवस नागपूर, दुसरा थेट वाराणसी. जबलपूरला भेडाघाट हाकेच्या अंतरावर असताना थांबलो नाही, कारण दादाचं गणित किलोमीटरचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनौलीला पोचलो तर ट्रकची रांग, आणि पलीकडे बेलहियाला भन्सारच्या खिडकीवर (भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम) कळलं की गाडी वहिनींच्या नावावर आहे आणि वहिनी सोबत नाहीत, तेव्हा त्यांचं संमतीपत्र लागेल. ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग वहिनींना फोन, त्यांनी कागदावर लिहून सही करून फोटो पाठवला, तो शोधाशोध करून प्रिंट केला, यात अडीच तास गेले. भैरहवातून निघालो तेव्हा अंधार पडला होता.

तिथेच मुक्काम करायला हवा होता. मी म्हणालो पण. दादा म्हणाला हॉटेल पोखऱ्याला बुक आहे, 180 किमी तर राहिलेत. घाटातले 180 किमी आहेत ते. बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा पट्टा लागतो, तिथे वरून दगड येतात, त्यात समोरून लाँग बीम मारत येणाऱ्या बस. आई मागे गडू मांडीवर धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "गंडकी आली का रे?" रात्री साडेनऊच्या सुमारास रामदीचा पूल आला. खाली पाण्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. दादा म्हणाला, "आई, आता अंधारात कुठे उतरतेस, परत येताना थांबू." ती बरं म्हणाली आणि गडू परत कापडात बांधला.

परत येताना त्या रस्त्याने आलोच नाही. पोखऱ्याहून काठमांडूला गेलो आणि तिथून मुगलिंग, नारायणगढ, बुटवल असे खाली उतरलो. आणि खरं जिव्हारी लागतं ते पुढचं. नारायणगढला आम्ही भर दुपारी एका मोठ्या नदीवरच्या पुलावरून गेलो, मी काचेतून फोटोही काढला. ती नारायणी. काली गंडकी आणि त्रिशूली देवघाटला मिळतात आणि पुढे तिलाच नारायणी म्हणतात, देवघाट तिथून अगदी जवळ आहे, हे मला घरी आल्यावर नकाशा बघताना कळलं. गडू रिकामाच परत आला. दादा अजून म्हणतो की वेळेत पोचलो ना सगळीकडे, आणि गंडकी ओलांडली म्हणजे झालीच की. ओलांडली म्हणजे झाली असं नसतं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, किलोमीटर आधी ठरवू नका, आधी थांबे ठरवा आणि मग जेवढे दिवस लागतील तेवढी रजा काढा, किंवा ठिकाणं कापा. 9 च दिवस असतील तर काठमांडू आणि मुक्तिनाथ दोन्ही सोडा. 13-14 मिळत असतील तर जाताना असं करा: पहिला मुक्काम नागपूर (आता समृद्धीमुळे सोपं झालंय, पण सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात, जुने असतील तर बदलून निघा), दुसरा जबलपूर, संध्याकाळी भेडाघाटचा धुआंधार धबधबा बघायचा, तिसरा वाराणसी, चौथा गोरखपूर. गोरखपूरहून बॉर्डर शंभर किमीच्या आत आहे, पहाटे निघालात तर सकाळी खिडकीवर असाल. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं. बॉर्डरच्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका, काम लवकर झालं तर लुंबिनी जवळच आहे.

आणि पुढचा मुक्काम पोखऱ्याला न करता तानसेनला करा. डोंगरावरचं जुनं बाजारपेठेचं गाव आहे, श्रीनगर टेकडीवरून हवा स्वच्छ असेल तर हिमशिखरांची रांग दिसते, आणि तिथे करुवा मिळतो, आपल्या झारीसारखा तोटी असलेला धातूचा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मी आणि बायको परत गेलो ते याचसाठी. तानसेनहून सकाळी निघून रामदीला उतरलो, घाटावर खाली गेलो. पाणी करड्या रंगाचं आहे, गाळाचं, हात घातला की नखांत बारीक वाळू बसते. करुवा भरला, तोटीला कापडाचा बोळा लावला आणि सगळ्या रस्त्याने बायकोने तो पायाशी धरून आणला. आईचे गुडघे आता जिनाही चढू देत नाहीत. तिने ते पाणी शाळिग्रामाला घातलं आणि मला विचारलं, "गार होतं का रे?" दादा तेव्हा समोरच बसला होता, काही बोलला नाही.

आता राहिलेलं. गाडी ज्याच्या नावावर आहे तो सोबत नसेल तर संमतीपत्र पुण्यातच करून घ्या. आरसी आणि लायसन्स ओरिजिनल. तुमच्या ओळखीसाठी आधारवर विसंबू नका, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट ठेवा. भन्सारची पावती जपून ठेवायची, परत येताना दाखवावी लागते, आणि जितक्या दिवसांचे पैसे भरलेत त्यापेक्षा एक दिवसही जास्त राहू नका. शंभराच्या नोटा न्या, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, दुकानात भाव सांगितला की आयसी (भारतीय रुपये) का एनसी (नेपाळी रुपये) ते आधी विचारा. गाडीचा इन्शुरन्स भारतापुरताच असतो, कंपनीला सांगून थोडे पैसे भरून नेपाळपर्यंत वाढवून मिळतो, तो वाढवल्याशिवाय बॉर्डर ओलांडू नका.

पावसाळ्यात अजिबात नको. 2024 च्या जुलैमध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूलीत ओढून नेल्या. सिद्धबाबाला बोगद्याचं काम काढल्यापासून खोळंबा होतो, त्यामुळे बुटवलला हॉटेलवाल्याला विचारूनच निघा.

मुक्तिनाथ करायचंच असेल तर पोखऱ्याहून तिथली जीप आणि ड्रायव्हर घ्या, वाटेतल्या बेनी गावाच्या पुढे आपली हॅचबॅक घालू नका. मंदिर 3,700 मीटरच्या वर आहे, वडिलांना बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि मंदिराच्या खालच्या जोमसोम गावात एक रात्र काढूनच वर जा. सकाळी लवकर निघायचं, कारण दुपारच्या आत त्या खोऱ्यात असा वारा सुटतो की गाडीचं दार हातातून निसटतं.