अ‍ॅरे नव्याने बनवू देऊ नका

प्रश्न : सांगलीत आमचा छापखाना आहे. सर्व्हरला ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सवर रेड-५ (डिस्क जोडून केलेला एकच संच, म्हणजे अ‍ॅरे; एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). एक डिस्क गेली म्हणून सर्व्हरवाल्याने नवी बसवली. रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) अर्ध्यावर आलं आणि आणखी एक डिस्क बाहेर पडली; आता काहीच उघडत नाही. बॅकअप फार जुना आहे. तो म्हणतो, 'अ‍ॅरे परत क्रिएट करतो, डेटा येईल.' करू द्यावं का?

उत्तर : मुळीच नाही. सर्व्हर बंद करा आणि त्याला चहा पाजून घरी पाठवा. क्रिएट करताना डिस्कचा क्रम किंवा डेटा जिथून सुरू होतो ती जागा चुकली आणि वर सिंक (डिस्कचा आपसांत मेळ घालणं) सुरू झालं, तर शाबूत डेटावरच पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठीचा हिशोब) लिहिली जाते. तो डेटा मग कुणालाच काढता येत नाही.

मला वाटतं, तुमची दुसरी डिस्क अजून जिवंत आहे. रिबिल्डसाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. जुन्या दिवाळी अंकांच्या फायली वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही; तिथला एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) खराब झालेला असतो, तो नेमका आता सापडतो. साधी डेस्कटॉप डिस्क तो वाचण्यासाठी मिनिटभरही झटत बसते. लिनक्स सहसा ३० सेकंदच वाट पाहतं. चार-दोन सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद!

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा वीज देऊ नका, थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्या. आवाज नसेल, तर प्रत्येक डिस्कवर सिरियल नंबर आणि खाचेचा क्रमांक चिकटवा, आणि या तिन्हींची डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने कोऱ्या डिस्कवर प्रत काढा. तो आधी सोपा भाग उचलतो, अडलेल्या जागा नंतर खरवडतो. मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. कुठून कुठे कॉपी होतंय हे दोघांनी मिळून तपासा. इथे उलटसुलट झालं तर संपलं.

मूळ डिस्क कपाटात ठेवा. पुढचं काम फक्त प्रतींवर : लिनक्सचं रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएममध्ये 'असेंबल' आणि 'फोर्स', तीनच डिस्क, अर्धवट भरलेली नवी चौथी जोडायची नाही. फक्त वाचण्यापुरतं माउंट करून सगळं दुसरीकडे उतरवा. न वाचलेल्या सेक्टरवरच्या काही फायली फाटक्या निघतील. पहिली मेलेली डिस्कही भंगारात देऊ नका. तिच्यावरच्या, नंतर न बदललेल्या जुन्या फायलींतून प्रयोगशाळा अशी भोकं बुजवू शकते.

डेबियन, उबंटूवर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी आपोआप होते. सर्व्हर हळू चालतो म्हणून लोक ती बंद करून टाकतात. चारही डिस्क धडधाकट असताना हा सेक्टर तिनेच शोधून पॅरिटीवरून दुरुस्त केला असता. नवी मांडणी रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी) करा. बॅकअप वेगळ्या इमारतीत ठेवा.

प्रश्न : डिस्क बदलताना सर्व्हर बंद करायचा का?

उत्तर : हॉट-स्वॅपचे (सर्व्हर चालू असतानाच डिस्क बदलता येणारे) ट्रे असतील तर नाही. पण नुसत्या लाल दिव्यावर विसंबू नका. सिरियल नंबर जुळवा, मगच ओढा. रेड-५ मध्ये बिघडलेल्या डिस्कऐवजी शेजारची निघाली, तर तुम्हीही सांगलीकरांच्या रांगेत.