नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन आहेत, तरी वीक स्टेशन का कळत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की गाण्यांसाठी घेतलेले नॉइज कॅन्सलिंगवाले चांगले हेडफोन आहेत, तेच लावून हॅम रेडिओच्या चाळीस आणि वीस मीटरच्या बँडवर एसएसबी (म्हणजे बोलणं) ऐकताय, अधूनमधून सीडब्ल्यू (म्हणजे मोर्स) पण, तरी वीक, म्हणजे कमजोर सिग्नलच्या स्टेशनचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) कळत नाही आणि तासाभरात डोकं भणभणायला लागतं, तर आता कुठला हेडफोन घेऊ. माझं उत्तर, आत्ता कुठलाच नको. आधी रेडिओतून कानात काय काय जातंय ते कमी करा, मग हेडफोनचं बघू. बरेच जण एकामागून एक हेडफोन बदलत बसतात आणि आरएफ गेनचा, म्हणजे अँटेनाचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, नॉब मात्र कंपनीतून आला तसाच फुल्ल उजवीकडे.

नॉइज कॅन्सलिंगचं आधी सांगतो कारण त्याच्यावर लोकांचा फार भरवसा असतो. त्या हेडफोनला माइक असतात, ते खोलीतला आवाज ऐकतात आणि त्याची उलटी लाट आत सोडतात, एवढंच त्यांचं काम. पंखा, एसी, गाडीचं इंजिन, असली सलग खालच्या सुरातली घरघर त्याने मस्त जाते. पण बँडवरची खरखर वायरीतून येते आणि स्टेशनचा आवाजही त्याच वायरीतून येतो, हेडफोनला दोन्ही सारखेच, त्याच्या लेखी गाणंच चाललंय. उलट खोली शांत झाली की ती खरखर जास्तच टोचते. क्यूआरएन, म्हणजे बँडवरची ही खरखर, कमी करायचं काम रिसीव्हरमधल्या नॉइज ब्लँकरचं, डीएसपीचं (आवाज डिजिटल पद्धतीने गाळणाऱ्या भागाचं), आणि खरं म्हणजे अँटेनाचं.

आता डोकं का दुखतं ते. एसएसबीत माणसाचा आवाज साधारण ३०० ते २७०० हर्ट्झमध्ये बसवलेला असतो, त्याच्या खाली-वर कामाचं काही नसतं. तुमचा हेडफोन २० ते २०००० हर्ट्झ वाजवतो, वर गाणी दणदणीत वाटावीत म्हणून बास आणि ट्रेबल दोन्ही उचललेले असतात. म्हणजे खालून पॉवर सप्लायचा हम कानात, वरून ऑडिओ ॲम्प्लिफायरची सूं अशी शिट्टीवजा हिस कानात, आणि मधे बिचारा तो माणूस बोलतोय. कान दिवसभर असला फालतू आवाज बाजूला सारत बसतो आणि थकतो. म्हणून आपल्या कामाला हेडफोन जितका 'गरीब' तितका बरा, फक्त मधला पट्टा स्वच्छ पाहिजे. रेडिओत किंवा एसडीआर (कॉम्प्युटरवरचा रेडिओ) सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर असेल तर ३०० च्या खालचं सगळं कापा, ३००० च्या वरचं कापा, आणि १५०० ते २५०० हलकंसं उचला, कारण व्यंजनांची ओळख बरीचशी तिथे असते. स्वर कितीही मोठे ऐकू आले तरी व्यंजन हरवलं की कॉलसाइन गेला.

आता आरएफ गेन, माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं इथेच आहे. एजीसी (आपोआप गेन कमी-जास्त करणारं सर्किट) काय करतो, स्टेशन बोलतंय तोवर गेन खाली धरतो आणि तो श्वास घ्यायला थांबला की गेन सोडून देतो, मग बँडचा गोंगाट उसळून थेट त्याच्या आवाजाएवढा होतो. प्रत्येक दोन वाक्यांच्या मधे खर्रर्र, परत आवाज, परत खर्रर्र. स्पीकरवर हे चालून जातं, हेडफोनवर डोकं उठतं. उपाय सोपा आहे, आरएफ गेन हळूहळू कमी करत जा, बऱ्याच रिगवर (रेडिओ सेटवर) एस मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा, काटा वर चढून एका जागी थांबलेला दिसेल, तो तुमच्या स्टेशनच्या लेव्हलच्या जरासा खाली राहील इतपत ठेवा. आता बोलणं तेवढंच ऐकू येतं आणि मधली जागा शांत होते. एजीसी स्लोवर ठेवलात तर आणखी बरं. चाळीस मीटरवर तर प्रीॲम्प (सिग्नल आत येतानाच वाढवणारं सर्किट) बंदच ठेवा, तिथे बँडचा स्वतःचा गोंगाट रिसीव्हरच्या गोंगाटापेक्षा एवढा जास्त असतो की प्रीॲम्प स्टेशन आणि बँडचा गोंगाट दोन्हीला सारखंच वाढवतो, हाती काही लागत नाही. उलट सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावून बघा, एस मीटर खाली येईल पण समजणं कमी होणार नाही.

एक टेस्ट करा. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या आणि हेडफोन कानाला लावा. तरीही हिस येत असेल तर ती व्हॉल्यूमच्या नॉबनंतरच्या ॲम्प्लिफायरची आहे, अँटेना बदलून ती जायची नाही. हे होतं कारण रेडिओचा ॲम्प्लिफायर ८ ओहमचा स्पीकर हलवायला बनवलेला असतो आणि आपण त्याला ३२ ओहमचा प्रचंड सेन्सिटिव्ह हेडफोन जोडतो, मग व्हॉल्यूम जेमतेम एका रेघेवर ठेवावा लागतो आणि हिस मात्र आहे तेवढीच. प्रत्येक कानाच्या वायरीत १०० ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. ३२ ओहमच्या हेडफोनला त्याने साधारण १२ डीबी खाली येतात, हिसही तेवढीच खाली येते, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवून स्टेशन परत आणता आणि हिस खालीच राहते. दोन रेझिस्टर आणि सोल्डरिंगची पाच मिनिटं. ज्यांना सोल्डरिंग नको त्यांनी वायरीवर व्हॉल्यूम कंट्रोल असलेला हेडफोन किंवा तसा एक्स्टेन्शनचा तुकडा वापरावा, काम तेच होतं.

हे रेझिस्टर ज्या डबीत बसवाल त्याच डबीत आणखी एक गोष्ट बसवा. हेडफोनवर सगळ्यात मोठा धोका अचानक येणाऱ्या आवाजाचा असतो, वीज कडाडली, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कोणी ट्यूनिंगसाठी कॅरियर (नुसता सलग सिग्नल) सोडला, किंवा एजीसी ऑफ ठेवून तुम्ही वीक सिग्नल शोधताय आणि तगडं स्टेशन थेट डोक्यावर आलं. १एन४१४८ चे दोन डायोड उलटसुलट समांतर जोडून सिग्नल आणि ग्राउंडच्या मधे लावायचे, ते ०.६-०.७ व्होल्टच्या वरचं सगळं छाटतात. मात्र क्रम महत्त्वाचा आहे, आधी ४७ ओहमचा रेझिस्टर, मग डायोड, मग वर सांगितलेले १०० ओहम आणि मग हेडफोन. डायोड थेट हेडफोनवर टाकले तर ०.६ व्होल्ट म्हणजेसुद्धा सेन्सिटिव्ह हेडफोनमध्ये १०० डीबीच्या वर आवाज होतो, वाचवलं काय मग. कानाचं गणित लक्षात ठेवा, ८५ डीबीला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस आहे आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हॅम काँटेस्टच्या शनिवार-रविवारी हे सहज ओलांडलं जातं.

प्लगचं. तुमच्या रेडिओचा जॅक मोनो असेल आणि तुम्ही स्टेरिओ प्लग घातला तर एकाच कानात आवाज येतो, हेडफोन खराब झालेला नसतो, स्टेरिओ सॉकेट ते मोनो प्लग असं कन्व्हर्टर घ्या, झालं. उलट प्रकार जास्त वाईट, स्टेरिओ जॅकमध्ये मोनो प्लग घातला की उजवा चॅनल थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. आणि काही मोबाइल, म्हणजे गाडीत लावायच्या, रिगमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ग्राउंडपासून वेगळ्या असतात, तिथे हेडफोनचा ग्राउंड मेटल चासीला लागला तर ॲम्प्लिफायर उडू शकतो, म्हणून एक्स्टर्नल स्पीकरच्या जॅकमध्ये हेडफोन खुपसायच्या आधी मॅन्युअल उघडा. क्रिस्टल सेटवाल्यांची (बॅटरीशिवाय चालणारा साधा रेडिओ) गोष्टच वेगळी, त्यांना जुने २००० ओहमवाले किंवा पीझो इअरफोनच लागतात, आजचा ३२ ओहमवाला थेट लावला तर काही ऐकू येणार नाही, मधे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर पाहिजे. सहज आठवलं म्हणून, १९१० मध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने हेडफोन घरच्या किचनमध्ये बनवून अमेरिकन नेव्हीला पाठवले होते, आणि त्या काळच्या हेडफोनमधली लोखंडी चकती साधारण १००० हर्ट्झच्या आसपासच जोरात वाजायची, मोर्स ऐकणाऱ्याला ते दोषासारखं वाटायचंच नाही.

मोर्सवरून, सीडब्ल्यूचा पिच, म्हणजे डॉट-डॅशचा सूर, किती ठेवलाय? बहुतेक रिग ६०० किंवा ७०० हर्ट्झवर येतात. आपला कान पण फिल्टरच आहे आणि खालच्या सुरात तो जास्त अरुंद असतो, १००० हर्ट्झला त्याची रुंदी १३० हर्ट्झच्या आसपास तर ५०० ला ८० च्या आसपास. म्हणजे पिच ५०० वर आणला तर शेजारी-शेजारी असलेली दोन स्टेशनं कानानेच जास्त सुटी होतात, रेडिओत ५०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लावलेला असला तरी. वय झालं की वरचे सूर आधी जातात, त्यांनाही हे सोयीचं. पहिले काही दिवस भसाडं वाटेल, सवय होते.

ब्लूटूथ नुसतं ऐकायला चालेल, काही बिघडत नाही. पण उद्या लायसन्स काढून मोर्स पाठवायची की (बटण) हातात घेणार असाल तर विसरा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, वीस शब्द प्रतिमिनिटाला एक डॉट साठ मिलिसेकंदांचा आणि पुढची जागाही तेवढीच, म्हणजे तुम्ही दुसरा-तिसरा डॉट मारताय आणि साइडटोनमध्ये (स्वतःचं मोर्स स्वतःला ऐकवणाऱ्या आवाजात) पहिला वाजतोय, हात अडखळणारच. शिवाय एवढ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेजारी ट्रान्समिटर चालवला की आरएफ (रेडिओ लहरी) आत शिरून पकपक व्हायची शक्यता.

वायर म्हणजे अँटेनाच, हे वायरवाल्यांनीही विसरू नये. पोर्टेबल रेडिओला हेडफोन लावल्यावर खरखर वाढली आणि तोच रेडिओ नाहीतर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर कमी झाली, तर गुन्हेगार चार्जर. एचएफसाठी (म्हणजे तुमच्या या बँडसाठी) ३१ नंबर मिक्सचा फेराइट (असला गोंगाट अडवणारं कडं) घ्या आणि वायर त्यातून नुसती पार करू नका, तीन-चार वेढे द्या, वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, तीन वेढे म्हणजे नऊ पट.

हे सगळं करूनही नवीन घ्यायचाच असेल तर साधा वायरवाला, पूर्ण कान झाकणारा, क्लोज्ड-बॅक (मागून बंद). सोनीचा एमडीआर-७५०६ (६३ ओहम) किंवा सेनहायझरचा एचडी २८० प्रो (६४ ओहम) हे स्टुडिओवाले हॅम लोकही बरेच वापरतात, इम्पीडन्स (ते ओहम) थोडा जास्त असल्याने हिस जरा कमी आणि बाहेरचा आवाज कुशननेच अडतो म्हणून व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. २८० कानावर घट्ट दाबतो, चष्मा असेल तर घेण्याआधी घालून बघा. ओपन-बॅक ऐकायला हवेशीर असतात पण पुढे माइकवर बोलायला लागलात की त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि व्हॉक्स (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट सुरू करणारी सोय) उगाच चालू होतो. वजन आणि कुशन याकडे आकड्यांपेक्षा जास्त लक्ष द्या. कुशन बदलून मिळतात का तेही बघा, ते आधी फाटतात.

तुमच्या रेडिओचं मॉडेल आणि जॅक मोनो आहे की स्टेरिओ ते लिहा, आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हिस येते का तेही करून सांगा, रेझिस्टर लावायचा की नाही ते त्यावर ठरेल.