क्रीचर आत्ताच आलंय, जरा दम खाऊ दे की!

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ नव्याने शिकणाऱ्यांचे या वेळचे बहुतेक प्रश्न क्रीचरच्या, म्हणजे तुमच्या बाजूने लढणाऱ्या कार्डाच्या, अ‍ॅबिलिटीबद्दलचे (कार्डावर लिहिलेल्या त्याच्या खुबीबद्दलचे) आहेत. रिचर्ड गारफिल्डने १९९३ साली हा खेळ आणला, तेव्हापासून जगभरची पोरं कार्डावरच्या एकेका शब्दावरून भांडत आलीत, तेव्हा तुमचं भांडण काही जगावेगळं नाही. खाली ६/६ असं लिहिलं असेल तिथे पहिला आकडा क्रीचरची ताकद, म्हणजे ते किती डॅमेज देतं, आणि दुसरा त्याचा टिकाव, म्हणजे किती डॅमेजला ते मरतं, एवढं ध्यानात ठेवा. माना म्हणजे कार्डं खेळायला लागणारी शक्ती, आणि टॅप म्हणजे वापरलं हे दाखवायला कार्ड आडवं करणं.

लॅनोवार एल्व्हज खाली ठेवले आणि लगेच टॅप करून हिरवा माना घेतला. मित्र म्हणतो, चालत नाही. मी काय अटॅक केला होता का? (शाहूपुरी)

मित्राचं बरोबर आहे. नवीन आलेल्या क्रीचरला अटॅक करता येत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र विसरला जातो: ज्या अ‍ॅबिलिटीच्या किमतीत टॅपची खूण आहे, तीही त्याला वापरता येत नाही. यालाच समनिंग सिकनेस म्हणतात. तुमचा टर्न सुरू होताना क्रीचर आधीपासून तुमच्याकडे असलं पाहिजे. मधल्या काळात, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्येसुद्धा, एल्फला टॅप करून माना मिळत नाही. समोरच्याचं क्रीचर तुम्ही आपल्याकडे ओढून घेतलंत, तर त्यालाही हाच नियम.

ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा अटॅक अडवणं, मात्र आल्या आल्या करता येतो. आणि किमतीत टॅपची खूण नसेल, नुसता माना मागितला असेल, तर ती अ‍ॅबिलिटीही लगेच वापरा.

व्हिजिलन्स असलं की हे सगळं माफ होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. व्हिजिलन्सवालं क्रीचर अटॅक करताना टॅप होत नाही, इतकंच. व्हिजिलन्सवाली सेरा एंजलसुद्धा पहिल्या टर्नला गप्प बसून राहते. थांबण्यातून सूट देते ती हेस्ट.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. कार्ड वाचतो, पण दहा शब्द एकदम आले की रडकुंडीला येतो. सुरुवात कुठून करावी? (एक आई, राजारामपुरी)

अ‍ॅबिलिटी नसलेल्या क्रीचरपासून करा. ग्रिझली बेअर्स घ्या: दोन माना, २/२, बाकी काही नाही. दोन-चार डाव नुसते अटॅक आणि ब्लॉकचे होऊ द्या. मग फ्लाइंग आणा. उडणाऱ्याला उडणारंच अडवतं, किंवा रीच असलेलं, जसा जायंट स्पायडर. त्या कोळ्याला उडता येत नाही, त्यामुळे तो अटॅकला आला की त्याला कोणीही अडवू शकतं. मुलांना हे फार आवडतं.

आणखी एक. सोप्या कार्डांवर शब्दाच्या पुढे कंसात तिरप्या अक्षरांत त्याचा अर्थ छापलेला असतो. सुरुवातीला तीच कार्डं निवडा. आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर खेळायला बसू नका. संध्याकाळचा वारा सुटला की सेरा एंजल खरोखरच उडून जाते, माझी गेली आहे.

कोलोसल ड्रेडमॉला बॅसिलिस्क कॉलर लावली. समोरच्याने दोन क्रीचरांनी ब्लॉक केला. मला किती डॅमेज पलीकडे पाठवता येतं? (कसबा बावडा)

प्रश्न लई भारी आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

ड्रेडमॉ ६/६ आणि त्याला ट्रॅम्पल. ट्रॅम्पल म्हणजे ब्लॉकरना मारायला पुरेल एवढं डॅमेज त्यांना द्यायचं आणि उरलेलं खेळाडूच्या अंगावर. समजा एक ब्लॉकर ४/४ आहे आणि दुसरा २/४. कॉलर नसती तर दोघांना मिळून आठ लागले असते. तुमच्याकडे सहाच. म्हणजे पलीकडे शून्य.

आता कॉलर बघा. ती ज्या क्रीचरला लावाल त्याला दोन गोष्टी देते, डेथटच आणि लाइफलिंक. डेथटचवाल्याचं एक डॅमेजसुद्धा मारायला पुरेसं धरतात. म्हणून एकाला एक, दुसऱ्याला एक, आणि राहिलेले चार सरळ समोरच्याच्या लाइफमधून. वर लाइफलिंकमुळे (जेवढं डॅमेज द्याल तेवढं लाइफ) तुम्हाला मिळतात सहा, चार नव्हे, कारण ब्लॉकरना दिलेलं डॅमेजही त्यात मोजतात. जाळ आणि धूर संगटच!

दोन पथ्यं पाळा. खेळाडूला डेथटच लागत नाही, एकाने कोणी मरत नाही. आणि ब्लॉकर इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) असेल तर तो डेथटचनेही जात नाही, पण ट्रॅम्पलच्या हिशोबाला त्याच्यासाठी एक पुरतोच.

प्रॉडिगल सॉर्सरर टॅप करून मी समोरच्याला एक डॅमेज दिलं. त्याने उत्तरादाखल सॉर्सररच मारला आणि म्हणाला, आता डॅमेज नाही. (कळंबा)

डॅमेज बसतं. दगड मारणारा पळून गेला म्हणून हवेतला दगड परत येत नाही.

कार्डावर विसर्गासारखे दोन ठिपके दिसले की डावीकडे किंमत आणि उजवीकडे परिणाम. तुम्ही टॅप केलंत म्हणजे किंमत भरून झाली. आता अ‍ॅबिलिटी स्टॅकवर, म्हणजे चालींच्या चळतीवर, स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला सॉर्सररची गरज नाही. मित्राने केलेली चाल स्टॅकवर तिच्या वर बसते आणि आधी सुटते, म्हणजे अमलात येते, म्हणून सॉर्सरर मरतो. त्यानंतर तुमची सुटते. तिला अडवायचं तर अ‍ॅबिलिटीच रद्द करणारं कार्ड हवं.

‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘अ‍ॅट’ने सुरू होणारी अ‍ॅबिलिटी तुम्ही चालवत नाही, प्रसंग आला की ती आपोआप चालते. यातलं काहीच नसेल, तर ती सतत लागू असते, जसं फ्लाइंग.

फर्स्ट स्ट्राइक म्हणजे आधी अटॅक करायचा का? (गंगावेश)

नाही, अटॅक सगळे एकदमच जाहीर होतात. आधी बसतं ते डॅमेज. तालमीच्या गंगावेशीतून प्रश्न आल्यावर कुस्तीचं उदाहरण टाळणं बरं दिसणार नाही: समोरच्याची पकड बसण्याआधीच त्याला चीतपट केलं, तर त्याची पकड बसणार कुठून? फर्स्ट स्ट्राइक असलेलं २/१ क्रीचर ३/२ ला भिडलं, तर ते ओरखडाही न लागता परत येतं. दोघांकडेही फर्स्ट स्ट्राइक असेल तर फायदा कुणालाच नाही.

ब्लॉक झाल्यावर मी ब्लॉकर मारला. मग माझं क्रीचर मोकळं झालं ना? (उचगाव)

झालं नाही. एकदा ब्लॉक झालेलं क्रीचर त्या लढाईपुरतं ब्लॉक झालेलंच राहतं, ब्लॉकर उरो न उरो. ट्रॅम्पल असेल तरच सगळं डॅमेज पलीकडे जातं.

हे मी पैसे भरून शिकलोय. पुण्यातली माझी पहिलीच स्पर्धा. समोरच्याचं लाइफ उरलं होतं तीन. मी ५/५ घेऊन अटॅक केला, त्याने एका किरकोळ १/१ ने ब्लॉक केला. मी ऐटीत त्या १/१ वर लाइटनिंग बोल्ट टाकला, हात चोळले आणि ‘पाच घे’ म्हणालो. त्याने शांतपणे नियम सांगितला, आणि पुढच्या टर्नला मी हरलो.

लाइटनिंग बोल्ट तीन डॅमेज देतो, आणि तो खेळाडूवरही टाकता येतो. हे मला परतीच्या एसटीत, कराड आल्यावर आठवलं.