गेमिंग वाहिनीत नोकरी म्हणतोय, काय सांगू?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. कोरियातल्या ओजीएन या गेमिंग वाहिनीच्या जुन्या मॅचेस रात्र-रात्र बघतो आणि म्हणतो, ‘मला खेळायचं नाही, असल्या वाहिनीत काम करायचंय.’ वडिलांचं म्हणणं, ही थेरं बंद कर आणि सीएची तयारी कर. मधल्या मध्ये तुमची कुतरओढ.

आधी त्या वाहिनीचं सांगते. ओजीएन दक्षिण कोरियात २००० साली सुरू झाली. तेव्हा तिथे ब्रॉडबँड घरोघरी पोचत होतं, ‘पीसी बांग’ नावाची गेमिंग कॅफे ओसंडून वाहत होती आणि ‘स्टारक्राफ्ट’ या कॉम्प्युटर गेमने तरुणांना वेड लावलं होतं. २००४ मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फायनलला लाखभर लोक आल्याचं सांगतात. आकडा मला जरा फुगवलेला वाटतो, पण गर्दी अफाट होती. पुढे मात्र स्पर्धक वाहिनी एमबीसी गेम २०१२ मध्ये बंद पडून तिच्या जागी संगीत वाहिनी आली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या कोरियन लीगचं प्रक्षेपण २०१९ पासून रायट या गेमच्या कंपनीनेच हाती घेतलं आणि ओजीएनची रया गेली. क्रिकेटचा खेळ कुणाच्या मालकीचा नसतो, व्हिडिओ गेम असतो. आपल्याकडेही बीजीएमआय या मोबाइल गेमची स्पर्धा २०२२ मध्ये स्टार स्पोर्ट्स २ वर दिसली, आणि त्याच जुलैअखेरीस सरकारने गेमच अडवला. तो परतला मे २०२३ मध्ये.

म्हणून वाहिनीच्या नावावर भविष्य बेतू नका. त्यातलं काम त्याला आवडतं का, ते बघा. उदाहरणार्थ ऑब्झर्व्हर. मैदानातला कॅमेरामन चेंडूमागे जातो, इथे चेंडूच नसतो. नकाशावर एकाच वेळी दोन कोपऱ्यांत चकमक पेटते आणि प्रेक्षकांना कुठली दाखवायची हे या माणसाला ती पेटण्याआधीच ताडावं लागतं. उशीर झाला की मॅचचा निर्णायक क्षण कुणाला दिसतच नाही. शिवाय रिप्ले कापणारे, ग्राफिक्सवाले, साउंडवाले, समालोचक असतात. हे हात क्रिकेटच्या, कबड्डीच्या प्रक्षेपणातही चालतात. पण यातलं बरंच काम स्पर्धेपुरतं मिळतं, दरमहा पगाराची खात्री नसते. वडिलांची काळजी इथे रास्त आहे.

बारावी आणि पदवी सोडायची नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टीव्ही विभागाचे संकलन, ध्वनी वगैरेंचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांनाही पदवी लागते. तोवर ओबीएस हे स्क्रीनवरचा खेळ रेकॉर्ड आणि प्रक्षेपित करायचं फुकट सॉफ्टवेअर शिकू दे. मित्रांची एक मॅच त्याने स्वतः ऑब्झर्व्ह करून मराठीत समालोचनासह रेकॉर्ड करावी, आणि जेवणानंतर वडिलांना दाखवावी. गेम न कळणाऱ्या वडिलांना कोण जिंकतंय हे त्यातून कळलं, तर मला ते रेकॉर्डिंग पाठवा. पुढचं तिघांशी मिळून बोलू.